कार्ड, रजिस्टर आणि मधला कारकून: डेटाबेसचा कोड हाताने लिहावा की फ्रेमवर्कवर सोपवावा?

"साहेब, हिच्याकडं एकच म्हस हाय. रोजचं अठरा लिटर कुठनं आलं?"

दूध संस्थेचे सचिव छापील बिल हातात धरून माझ्या टेबलापाशी उभे होते. बिल एका सभासद बाईंचं, दहा दिवसांचं. बाई सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन लिटर दूध घालतात, म्हणजे दहा दिवसांचे झाले ६० लिटर. बिलावर १८० छापले होते. आणि एवढं दूध घालूनही शेवटच्या ओळीत निव्वळ देय रक्कम होती उणे ३१,००० रुपये. म्हणजे बाईच संस्थेचं देणं लागत होत्या.

बिल चाचणीपुरतं छापलं होतं म्हणून निभावलं. चूक माझीच होती. आणि ती व्हायच्या आधी आठवडाभर मी सहकाऱ्यांना ऐकवत होतो की डेटाबेसचा कोड हातानेच लिहायला पाहिजे, फ्रेमवर्कवर विसंबणाऱ्यांना आत काय चाललंय ते कळत नाही. तोच वाद इथे सोपा करून मांडतो. डेटाबेसशी बोलायचं काम हायबरनेट, जँगो ओआरएम अशा तयार फ्रेमवर्कवर, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या साच्यावर, सोपवावं, की डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, स्वतः लिहावं?

एकच दूध, दोन वह्या

जुन्या पद्धतीच्या संस्थेत दुधाची नोंद दोनदा व्हायची. एक संकलनाच्या रजिस्टरात: तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. रांगेत जो जसा येईल तशा ओळी. दुसरी सभासदाच्या कार्डावर: वर नाव-गाव, खाली फक्त त्याच्याच दुधाच्या नोंदी, मागच्या बाजूला पशुखाद्य, उचल, विमा अशा कपाती. आता मशीन पावती छापतं, पण घरात खिळ्याला अडकवलेलं कार्ड अजून बऱ्याच जणांना आठवत असेल. माहिती दोन्हीकडे तीच. आज संस्थेत एकूण किती दूध आलं हे रजिस्टरातून चटकन कळतं, अमक्या बाईंचं किती झालं हे कार्डावरून.

डेटाबेस म्हणजे रजिस्टर. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी मांडलं की माहिती साध्या टेबलांत ठेवावी आणि टेबलांमधलं नातं ओळींत लिहिलेल्या किमतींवरूनच जुळवावं. सभासद क्रमांक ४२ या टेबलातही आहे आणि त्या टेबलातही आहे, तेवढं नातं पुरे. आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या टेबलांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

प्रोग्रॅम लिहिणारा मात्र कार्डाच्या अंगाने विचार करतो. जावात किंवा पायथनमध्ये तो 'सभासद' नावाचा ऑब्जेक्ट बनवतो. त्याच्या पोटातच नाव, संकलनांची यादी, कपातींची यादी. क्रमांक जुळवत बसायला नको, हात घातला की यादी हाताला लागते. पण ऑब्जेक्ट मेमरीत असतो. प्रोग्रॅम बंद झाला की गेला. म्हणून कार्डावरचं रजिस्टरात उतरवायचं आणि लागेल तेव्हा रजिस्टरातून पुन्हा कार्ड भरायचं, हे काम कुणाला तरी करावंच लागतं. माहिती अशी टिकवून ठेवण्याला पर्सिस्टन्स म्हणतात आणि ते करून देणाऱ्या तयार यंत्रणेला पर्सिस्टन्स फ्रेमवर्क. त्यातला सगळ्यात प्रचलित प्रकार म्हणजे ओआरएम (ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, ऑब्जेक्ट आणि टेबल यांची जुळवणी). मी त्याला मधला कारकून म्हणतो.

कारकून का ठेवावा लागला

जावात १९९७ पासून जेडीबीसी आहे, डेटाबेसशी बोलायची मूळ सोय. त्यावर हाताने एक सभासद वाचायचा म्हणजे असं: कनेक्शन घ्यायचं, क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) तयार करायची, तिच्यातल्या प्रश्नचिन्हांच्या जागी किमती भरायच्या, ती चालवायची, आलेल्या ओळीतलं नाव उचलून ऑब्जेक्टच्या नावात टाकायचं, गाव गावात, मोबाईल मोबाईलमध्ये. मग सगळं उघडलेलं बंद करायचं, आणि मधेच काही बिघडलं तरीही बंद करायचं. एकदा लिहायला काही वाटत नाही. पण ४० टेबलं असतील आणि प्रत्येकासाठी वाचणं, घालणं, बदलणं, पुसणं असेल, तर तेच पुराण १६० वेळा. त्यात सभासदाला आधार क्रमांकाचा कॉलम वाढला की चार ठिकाणी हात लावायचा. तीन ठिकाणी लावला आणि चौथं राहिलं की महिनाभराने कुणाचा तरी फोन येतो.

यावर एंटरप्राइझ जावाबीन्स या मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमसाठीच्या जावाच्या प्रमाणात 'एंटिटी बीन' नावाचा सरकारी छापाचा तोडगा होता. एका टेबलासाठी दोन-तीन इंटरफेस, एक क्लास, वर एक्सएमएलची लांबलचक फाइल. रोगापेक्षा औषध कडू. त्याला कंटाळून गेविन किंग यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात हायबरनेट लिहायला घेतलं. साधा क्लास लिहा, कुठला कॉलम कुठे जातो ते सांगा, बाकीचं आम्ही बघतो. ही रीत इतकी रुजली की २००६ मध्ये जावाच्या प्रमाणातच ती जेपीए (जावा पर्सिस्टन्स एपीआय) या नावाने आली. तोवर रूबी भाषेत २००४ मध्ये रेल्स आणि पायथनमध्ये २००५ मध्ये जँगो आपापला कारकून घेऊन आले होते.

आज कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना बहुतेक वेळा आधी कारकूनच भेटतो. रजिस्टर त्यांनी कधी उघडून पाहिलेलं नसतं.

बिल बरोबर, पण अर्धं मिनिट

आमचं दहा दिवसांचं बिल आधी हायबरनेटनेच निघायचं. कोड वाचायला अगदी सरळ. एकेक सभासद घे, त्याच्या संकलनांची बेरीज कर, कपातींची बेरीज कर, वजाबाकी कर. कार्ड समोर ठेवून सचिवांनी हाताने बिल काढावं तसं. वर्षभर एकही तक्रार नाही. मग डेटाबेस ऑफिसातल्या मशीनवरून क्लाउडवर नेला, प्रोग्रॅम ऑफिसातच राहिला, आणि बटण दाबताक्षणी निघणाऱ्या बिलाला अर्धं मिनिट लागायला लागलं. सगळ्यांनी आधी इंटरनेटवाल्याला शिव्या दिल्या.

हायबरनेटला 'तू डेटाबेसला काय काय विचारतोस ते लॉगमध्ये लिही' असं सांगता येतं. ते चालू केलं. लॉगमध्ये साधारण हे दिसलं:

सिलेक्ट … फ्रॉम सभासद
सिलेक्ट … फ्रॉम संकलन व्हेअर सभासद_क्रमांक = १
सिलेक्ट … फ्रॉम कपात व्हेअर सभासद_क्रमांक = १
सिलेक्ट … फ्रॉम संकलन व्हेअर सभासद_क्रमांक = २
सिलेक्ट … फ्रॉम कपात व्हेअर सभासद_क्रमांक = २

आणि असंच खाली, खाली, खाली. सभासद ४००. म्हणजे यादीसाठी एक, संकलनांसाठी ४००, कपातींसाठी ४००, एकूण ८०१ क्वेऱ्या. डेटाबेस ऑफिसातल्याच मशीनवर होता तेव्हा एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदात व्हायची. ८०१ फेऱ्या म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत. कुणाला कळणार? क्लाउडवर एक फेरी ४० मिलिसेकंदांची झाली. ८०१ गुणिले ४०, झाले ३२ सेकंद. डेटाबेस बिचारा निवांत बसून होता, वेळ सगळा जाण्यायेण्यात चालला होता.

या दुखण्याला जगभर 'एन प्लस वन' म्हणतात: यादीची एक क्वेरी, आणि यादीतल्या एन जणांसाठी आणखी एन. कारकून मुळात आळशी ठेवलेला असतो आणि ते बरंही आहे. सभासद मागितला की तो फक्त नाव-गाव आणतो, संकलनांची यादी तुम्ही हात लावाल तेव्हा. नाहीतर एक नाव बघायला गेलं आणि दहा वर्षांचं दूध मेमरीत आलं, असं व्हायचं. पण ४०० जणांच्या यादीला एकेक करून हात लावला की तो ४०० वेळा कपाटापर्यंत जाऊन येतो. 'सगळ्यांच्या एकदम घेऊन ये' हे त्याला आपण सांगायचं असतं. हायबरनेटमध्ये ते जॉइन फेचने सांगतात, जँगोत प्रीफेच_रिलेटेडने.

मी तेच सांगायला गेलो. संकलनं आणि कपाती, दोन्ही एकदम आण म्हटलं. हायबरनेटने चक्क नकार दिला: अशा दोन याद्या एकाच क्वेरीत एकदम आणता येणार नाहीत. का, ते मी वाचलं नाही. मला राग आला. एसक्यूएल मला येतं, मग या कारकुनाची मिजास कशाला सोसायची, म्हणून मी बिलाची क्वेरी हाताने लिहिली.

बिल झटपट, पण चूक

क्वेरी अशी होती: सभासद टेबलाला संकलन जोडा, त्याला कपात जोडा, सभासदागणिक गट करा, लिटरची बेरीज, रकमेची बेरीज, कपातीची बेरीज. ८०१ च्या जागी एक क्वेरी, ३२ सेकंदांच्या जागी डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मी खूश.

आता बाईंचं बिल जवळून बघू. दहा दिवस, दोन वेळा, म्हणजे संकलनाच्या २० ओळी. कपाती तीन: पशुखाद्य १,४०० रुपये, उचल ५००, विमा १००. संकलनाचा कपातीशी थेट काही संबंध नाही. दोघांचं नातं फक्त बाईंशी. पण एकाच क्वेरीत दोन्ही जोडल्या की डेटाबेस प्रत्येक संकलनासमोर प्रत्येक कपात मांडतो. २० गुणिले ३, झाल्या ६० ओळी. त्यांची बेरीज घेतली की प्रत्येक लिटर तीनदा मोजलं जातं आणि प्रत्येक कपात वीस वेळा. लिटर ६० चे १८०. पन्नासच्या भावाने दुधाचे ३,००० व्हायचे ते ९,०००. कपात २,००० व्हायची ती ४०,०००. वजाबाकी उणे ३१,०००. डेटाबेसने इमानेइतबारे जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं होतं.

माझ्या चाचणीत हे का सापडलं नाही? मी ज्या सभासदावर तपासलं त्याला त्या दहा दिवसांत एकही कपात नव्हती. शून्य कपात असली की हा गुणाकार होत नाही आणि बिल अचूक येतं.

दुरुस्ती सोपी आहे. आधी संकलनाची सभासदागणिक वेगळी बेरीज करायची, कपातीची वेगळी, आणि मग त्या दोन बेरजा सभासदाला जोडायच्या. प्रत्येकीची सभासदामागे एकच ओळ, गुणाकाराला वावच नाही.

नंतर शांत डोक्याने हायबरनेटचा तो नकार वाचला. तो नकार याच गुणाकारामुळे होता. परत आलेल्या ६० ओळींतून २० संकलनं आणि ३ कपाती नेमक्या कशा वेगळ्या करायच्या हे साध्या यादीच्या बाबतीत त्याला कळू शकत नाही, म्हणून तो अंदाज न करता थांबतो. यावर एक पळवाट फार लोकप्रिय आहे: यादीचा प्रकार लिस्टऐवजी सेट करा, चूक गायब होते. गायब होते खरी, कारण सेटमध्ये दुबार नोंदी राहत नाहीत, पण डेटाबेसकडून येणाऱ्या ओळींचा गुणाकार तसाच राहतो. ४०० सभासदांना सरासरी तीन कपाती धरल्या तर ९,२०० ओळींचं काम २४,००० ओळींत. सरळ मार्ग म्हणजे दोन क्वेऱ्या: आधी सगळे सभासद संकलनांसह, मग तेच सभासद कपातींसह. कारकून एका बैठकीत एका सभासदाचं एकच कार्ड ठेवतो, त्यामुळे दुसरी खेप आपोआप त्याच कार्डांवर चढते.

'स्वतःचा कोड' म्हणजे नक्की काय

या वादात एक गफलत कायम होते. 'आम्ही स्वतः लिहितो' याचे दोन अर्थ आहेत. एक, एसक्यूएल स्वतः लिहितो. दुसरा, कारकूनच स्वतः घडवतो. पहिल्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याची मी झळ सोसलेली आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत कंपनीचं स्वतःचं फ्रेमवर्क होतं. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. एका हुशार सीनियरने पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा म्हणून एक मदतनीस क्लास केला. मग त्याला टेबलाचं नाव द्यायची सोय, मग आपोआप अपडेट, मग स्वतःची कॅश, म्हणजे वाचलेली माहिती हाताशी ठेवायची जागा. मी गेलो तेव्हा ते प्रकरण काही हजार ओळींचं झालं होतं आणि सीनियर बंगळुरूला निघून गेले होते.

एक दिवस आजऱ्याकडच्या एका सभासदाची नोंद होईना. आडनाव डिसोझा. देवनागरीत काही अडचण नव्हती, पण बँकेसाठी नाव इंग्रजीत लिहायचं होतं आणि त्यात 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी येतो. आमचं फ्रेमवर्क क्वेरीत नाव सरळ चिकटवायचं. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हात लिहितात आणि अपॉस्ट्रॉफी म्हणजे तेच चिन्ह. डेटाबेसला वाटायचं की नाव 'डी'पाशीच संपलं, आणि पुढचं 'सोझा' हा काहीतरी हुकूम आहे. तो हुकूम त्याला कळायचा नाही म्हणून चूक. पण नावाच्या रकान्यात कुणी जाणूनबुजून कळणारा हुकूम लिहिला असता तर तो चाललाही असता. याच भोकाला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी पाठवली की हे भोक बुजतं. ती सोय जेडीबीसीत पहिल्यापासून होती. आमच्या घरच्या कारकुनाला ती कुणी शिकवली नव्हती. आमचा तात्पुरता उपाय काय, तर सभासदाचं नाव अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहायचं. बँकेने पुढे ते नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलं.

दुसरं दुखणं कनेक्शनचं. डेटाबेसची कनेक्शनं महाग असतात म्हणून वीसेक उघडून ठेवतात आणि आलटून पालटून वापरतात. त्याला पूल म्हणतात. घेतलेलं परत करायचं एवढाच नियम. आमच्या कोडमध्ये एका वाटेने, सभासद सापडला नाही तर, फंक्शन मधूनच परत फिरायचं आणि कनेक्शन परत करायचं राहायचं. दिवसभरात चुकीचे क्रमांक वीस वेळा टाइप झाले की विसावं कनेक्शन हरवायचं आणि संध्याकाळच्या गर्दीत सगळं ठप्प. रीस्टार्ट केलं की चालू. कित्येक महिने आम्ही त्याला 'संध्याकाळचा प्रॉब्लेम' म्हणत होतो.

हायबरनेटमध्ये अडलं की आधी कुणीतरी ठेचकाळलेलं असतं आणि उत्तर लिहूनही ठेवलेलं असतं. घरच्या फ्रेमवर्कचं उत्तर एका माणसाच्या डोक्यात, आणि तो फोन उचलत नाही.

कारकून कुठे खरा उपयोगी, कुठे घात करतो

एक गोष्ट ओआरएम फार छान करतो, आणि हाताने लिहिणारे ती हमखास विसरतात. दोन खिडक्यांवर दोन कारकून (खरे, माणसं) एकाच सभासदाची माहिती उघडून बसले आहेत. एकाने मोबाईल बदलला, जतन केलं. दुसऱ्याने बँक खातं बदललं, जतन केलं. दुसऱ्याच्या पडद्यावर मोबाईल जुनाच होता, आणि जतन करताना सगळी ओळ लिहिली गेली. पहिल्याचा बदल पुसला, कुणाला पत्ता नाही.

यावर उपाय म्हणजे टेबलात 'आवृत्ती' नावाचा एक कॉलम. वाचताना आवृत्ती ७ होती तर लिहिताना म्हणायचं: अपडेट सभासद सेट खाते = ?, आवृत्ती = ८ व्हेअर क्रमांक = ४२ अँड आवृत्ती = ७. मधल्या काळात कुणी हात लावला असेल तर आवृत्ती आधीच ८ झालेली असते, एकही ओळ बदलत नाही, आणि प्रोग्रॅमला कळतं की बदल आपटले. हायबरनेटमध्ये यासाठी क्लासमधल्या एका फील्डवर एक खूण करायची, संपलं. हाताने करायचं तर प्रत्येक अपडेटमध्ये आठवणीने लिहायचं, आणि 'शून्य ओळी बदलल्या' हे उत्तर प्रत्येक वेळी तपासायचं. पंधरा ठिकाणी कराल, सोळाव्या ठिकाणी शुक्रवारची संध्याकाळ असेल.

घात कुठे? कारकून कार्डावर नजर ठेवून असतो. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुरे व्हायच्या बदलांचा गट) चालू असताना कार्डावर काहीही बदललं की संपताना तो बदल रजिस्टरात उतरवतो, 'जतन कर' म्हणायची वाट बघत नाही. एका मित्राच्या प्रकल्पात यादी छापताना मोबाईल नंबरचे मधले आकडे झाकायचे होते. नव्या मुलाने ऑब्जेक्टमधला नंबरच बदलून मधे फुल्या टाकल्या. यादी छान छापली गेली. ट्रान्झॅक्शन संपलं, आणि डेटाबेसमधल्या सगळ्या नंबरांत फुल्या. बॅकअप होता म्हणून वाचले. कोडमध्ये कुठेही 'सेव्ह' हा शब्द नव्हता, त्यामुळे कारण शोधायला दोन दिवस गेले.

मग निवडायचं कसं

मी आता फ्रेमवर्क की स्वतःचा कोड असं विचारतच नाही. समोरच्या कामाला कार्ड लागतं की रजिस्टर, तेवढं बघतो.

नवा सभासद नोंदवणं, त्याचं खातं बदलणं, उचल मंजूर करणं: एक कार्ड काढायचं, नियम तपासायचे, थोडं बदलायचं, परत ठेवायचं. हे कारकुनाचं काम, त्याला करू द्यावं. दहा दिवसांचं बिल, तालुक्याचं एकूण संकलन, सरासरी फॅट, मागच्या वर्षाशी तुलना: हे रजिस्टराचं काम. हजारो ओळींतून चार आकडे काढायचे तर त्या हजारो ओळींची कार्डं बनवून मेमरीत आणण्यात काही अर्थ नाही; बेरीज डेटाबेसलाच करू द्यावी आणि ती क्वेरी आपण लिहावी. घाऊक बदलांचंही तसंच. बिल निघाल्यावर ८,००० संकलनांवर बिल क्रमांक टाकायचा असेल तर ओआरएमने ८,००० ऑब्जेक्ट आणून ८,००० अपडेट पाठवण्यापेक्षा हाताने लिहिलेलं एक अपडेट पुरतं.

एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही वापरायला काही हरकत नाही, जेपीएमध्ये हाताने लिहिलेलं एसक्यूएल चालवायची सोय आहेच. फक्त कारकुनाला अंधारात ठेवू नये. त्याच्या पाठीमागे, थेट जेडीबीसीवरून, रजिस्टर बदललं तर त्याच्या हातातली कार्डं जुनी राहतात. आणि त्याने अजून न उतरवलेले बदल तुमच्या क्वेरीला दिसत नाहीत. म्हणून हाताची क्वेरी चालवण्याआधी त्याला 'हातातलं उतरव' म्हणायचं, घाऊक बदल झाल्यावर 'कार्डं टाकून दे' म्हणायचं. हायबरनेटच्या भाषेत फ्लश आणि क्लिअर. हे दोन शब्द विसरल्यामुळे निघालेले बग पकडायला सगळ्यात त्रासदायक, कारण प्रत्येक भाग वेगळा तपासला की बरोबरच असतो.

डेटाबेस जुना असेल, टेबलांची रचना दुसऱ्या कुणी पंधरा वर्षांपूर्वी केलेली असेल, अर्धे नियम स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये असतील, तर ओआरएमचा हट्ट धरू नये. तिथे मधली साधनं बरी. क्लिंटन बेगिन यांचं आयबॅटिस, जे २०१० पासून मायबॅटिस या नावाने चालतं, त्यात एसक्यूएल तुम्ही लिहायचं, ओळींतून ऑब्जेक्ट भरायचं काम ते करतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये डॅपर आहे. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो, तिच्या लोकांनी आपली साइट वेगात चालावी म्हणून ते लिहिलं आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. जावाचं स्प्रिंग फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना जेडीबीसी टेम्प्लेट ठाऊक असेलच. पायथनमधल्या एसक्यूएल अल्केमीला खाली क्वेरी रचणारा थर आणि वर ओआरएम असे दोन मजले आहेत, हव्या त्या मजल्यावर राहा. या सगळ्यांत प्रश्नचिन्हं भरण्यासारखी हमाली तुमच्याकडे येत नाही, आणि डेटाबेसकडे काय जातंय ते डोळ्यांसमोर राहतं. छोट्या टीमला, एसक्यूएल येणारी दोन माणसं असतील तर, मी हल्ली इथूनच सुरुवात करायला सांगतो.

ओआरएमच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: उद्या ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर गेलो तर कोड बदलावा लागणार नाही. माझ्या कामाच्या वर्षांत डेटाबेस बदलताना मी एकदाच पाहिला, आणि तेव्हा अडचण आली ती तारखा, अहवाल आणि स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, जिथे ओआरएम नव्हताच. तेवढ्यासाठी निर्णय घेऊ नये.

काहीही निवडलं तरी लॉग चालू करून डेटाबेसकडे काय जातं ते बघायची सवय लागते. आमच्याकडे आता क्वेऱ्या मोजणारी चाचणीच आहे. बिल काढताना ठरलेल्या आकड्यापेक्षा एक जरी क्वेरी जास्त गेली तरी ती चाचणी नापास होते. चाचणीच्या डेटात एक खास सभासद आहे. म्हैस एक, रोजचं दूध सहा लिटर, कपाती तीन, इंग्रजी आडनावात अपॉस्ट्रॉफी, आणि माहिती एकाच वेळी दोन खिडक्यांवर उघडलेली. अपेक्षित उत्तर: ६० लिटर, देय १,००० रुपये, क्वेरी एक. कोडमध्ये काहीही बदललं की आधी तिचं बिल निघतं, आणि छापील प्रत अजूनही सचिवांकडे जाते. ते लिटरचा रकाना पहिला बघतात.